सावडीतला अर्धा हात

फेब्रुवारी सरायला आला, की ज्वारीचं पान कडेनं तांबूस पडतं आणि माझं डोकं फिरतं. परभणीहून सोनपेठच्या गाडीत खिडकीशी बसलं की दोन्ही अंगांना काळ्या रानात उभी ज्वारी दिसते, कणसं दाण्यानं वाकलेली. शेजारची बाई म्हणते, "किती छान दिसतंय नाही?" छान दिसतं ते गाडीतून. खाली उतरून त्या ज्वारीच्या ताटाच्या बुडाला हात घाला, मग बोलू.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे रब्बीची ज्वारी कापत नाहीत, उपटतात. काळी माती पावसात पायाला चिकटते, पण होळी जवळ आली की आटून दगड होते, आणि त्या दगडात ज्वारीनं मुळ्या रोवलेल्या असतात. दोन-तीन ताटं बुडाशी मुठीत धरायची, कमरेतून हिसका द्यायचा, मुळ्या पायावर आपटून माती झाडायची, ताटं मागं आडवी टाकायची, पुढची धरायची. विळ्यानं कापलं तर कडबा आखूड होतो आणि धसकटं रानात राहून पुढं नांगराला आडवी येतात. म्हणून हात. पहाटेच्या गारव्यात सुरू करायचं, कारण ऊन चढलं की पान कापतं आणि मूळ सुटत नाही. रोज, रान रिकामं होईस्तोवर.

माझं नाव सुनीता. आमच्या घराण्यात कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मी, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. बी.एस्सी., संख्याशास्त्र. परभणीत एका सरकारी ऑफिसात पेरणीचे आणि पिकांचे तक्ते करते. कुठल्या तालुक्यात किती ज्वारी उभी आहे, ते मला खुर्चीतून न उठता सांगता येतं. या खुर्चीपर्यंत मी कशी पोचले ते माझं मला माहीत. त्यामुळे खुर्चीला कुणी नावं ठेवली की मला राग येतो.

यंदा मात्र खुर्चीनंच दगा दिला. दिवाळीच्या साफसफाईत ओली चादर पिळायला घेतली, तर पाणी चादरीतून निघायच्या ऐवजी माझ्या कोपरावरून ओघळायला लागलं. पीळच बसेना. मग ऑफिसात फायलींचा गठ्ठा हातातून सुटला. सकाळी उठलं की उजव्या हाताची तीन बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला, मूठ वळायला लावली आणि म्हणाले, "हाताला काम नाही हो तुमच्या."

"काम नाही? आठ-आठ तास बसून काम करते मी."

"ते डोक्याचं. हात नुसता माऊसवर पडून असतो. पकड गेलीय. कमवावी लागेल."

पकड गेलीय. सोनपेठ तालुक्यातल्या बाईला, जिनं दहाव्या वर्षापासून ज्वारी उपटली, तिला हे सांगतात.

त्याच महिन्यात आमच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी म्हणून एक ट्रेनर बोलावला होता. संभाजीनगरचा, अंगाला चिकटलेला टी-शर्ट, बोलणं गोड. त्यानं टेबलावर स्प्रिंगचे चिमटे मांडले, रबरी चेंडू मांडले, एक जाड दोर ठेवला. बुद्धीचं काम करणाऱ्यांनी हाताची पकड राखली नाही तर म्हातारपण लवकर गाठतं, असं म्हणाला. चुकीचं काहीच बोलत नव्हता. मग त्यानं दोन्ही हातांत लोखंडी वजनं घेतली, खांदे मागे टाकले आणि आमच्या टेबलांमधून चालून दाखवलं.

"याला फार्मर्स वॉक म्हणतात. शेतकरी कसा चालतो, तसं चालायचं."

सगळे हसले. त्या हॉलमध्ये निम्मी माणसं शेतकऱ्याच्या घरची, तरी हसले. मी हात वर केला.

"सर, शेतकरी किती सेट मारतो?"

त्याला टोमणा कळला नाही. बिचाऱ्यानं मनापासून सांगितलं, "तीन सेट, मॅडम. प्रत्येक सेटनंतर दोन मिनिटं विश्रांती. ती फार महत्त्वाची. विश्रांती नसेल तर हात कमावला जात नाही, झिजतो."

ते वाक्य घेऊन मी दिवसभर बसले. तक्त्यात आकडे भरत होते आणि डोळ्यांपुढं माझी माय चालत होती. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बादल्या, डोक्यावर कडब्याची पेंढी, विहीर ते आखाडा, म्हणजे आमची रानातली वस्ती. दोन मिनिटं तिला कुणी दिली? तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता सरळ होत नाहीत. पूर्ण उघडता न येणारा हात. पुण्या-मुंबईची पोरं हुरड्याला येतात, मायनं तळव्यावर चोळून दिलेला हुरडा खातात आणि तिच्या हाताचा फोटो काढतात. 'कष्टाचे हात' असं खाली लिहितात. त्या फोटोत ती बोटं वाकडी का, हे कुणी विचारत नाही. माझ्यासमोर एकानं काढला, तेव्हा मी त्याला आखाड्यावरून हाकललं होतं. माय माझ्यावरच चिडली. "पाहुणा होता गं!"

पण खोटं कशाला बोलू, मी ते सगळं केलं. चिमटा टेबलाच्या खणात ठेवला. एक तक्ता झाला की दहा वेळा दाबायचा, मग दुसरा हात. बोटांना रबर लावून ती बाहेरच्या बाजूनं उघडायची, कारण आम्ही खुर्चीवाले फक्त मिटतो, उघडत नाही, असं ट्रेनर म्हणाला होता. त्यानं तांदळाच्या बादलीत हात खुपसून मुठी उघड-मीट करायला सांगितलं होतं. मी मायनं पाठवलेल्या ज्वारीच्या डब्यात केलं. मनगटापर्यंत हात आत, मुठीत दाणा, दाणा बोटांमधून निसटतो, पुन्हा मूठ. माय एकदा आली होती तेव्हा तिनं पाहिलं.

"काय करायलीस गं त्यात? हरवलं का काही?"

"व्यायाम करते. हाताचा."

तिनं डब्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "खायचं धान्य हाय ते. हात तरी धुतलास का?"

फरक पडला. जानेवारीत चादरीला पीळ बसला. बोटं माझी झाली. मला अभिमान वाटला आणि अभिमान वाटल्याचा रागही आला. आठ-आठ तास बसून घालवलेली ताकद चिमट्यानं परत आणायची, आणि तिचा आनंद मानायचा.

ज्वारी आणि परीक्षा आमच्याकडे एकाच महिन्यात येतात. ज्यानं वेळापत्रक केलं त्यानं कधी ज्वारी उपटली नसणार.

मी दहावीला होते, माझा थोरला भाऊ संतोषदादा बारावीला. दोघांचे पेपर एकाच मार्चात. रान उभं होतं, वरून ढगाळ वातावरण, गारा पडतील म्हणून सगळं गाव घाईत. बांधावर लिंबाचं मोठं झाड, त्याच्याखाली घोंगडी, घोंगडीवर दादा आणि दादाची पुस्तकं. आम्ही तिघं पातीला, म्हणजे उपटायला आपापला पट्टा धरून: माझे वडील आबा, माय आणि मी. दादा एकदा उठून ताटं धरायला आला, तर आबा तिथूनच ओरडले, "ठेव ते! हात सुजले तर काय पायानं लिवशील का?"

मी म्हणाले, "आबा, मला बी पेपर हाय."

"तुझा दहावीचा. तुझं होतंय."

रागावून नाही म्हणाले. पाण्याचा तांब्या दे म्हणावं तितक्या सहज. आबांचा हिशेब साधा होता. एक पोरगा शिकेल, त्याचा हात मऊ राहील, मग घराचं बरं होईल. त्या मऊ हाताची त्यांनी जी राखण केली, ती पिकाची केली नाही. दादाला बादली उचलू देत नसत. संध्याकाळी माय त्याच्या बोटांना खोबरेल चोळायची. मी शेजारी बसून माझ्या तळव्यातले फोड मोजायची.

बीजगणिताच्या दिवशी सकाळी माझी मूठच मिटेना. अंगठ्याच्या बुडाचा फोड फुटून लाल झालेला, बोटं सुजून एकमेकींना लागलेली. पेन धरलं की सुटायचं. मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, पेन बोटांना बांधलं आणि सोनपेठच्या केंद्रावर जाऊन बसले. पहिलं गणित होतं न होतं तोच वर्गावरचे सर आले.

"काय गं, चिंधीत काय लपवलंय? कॉपी का?"

सोडायला लावली. चाळीस पोरींसमोर. पट्टी जखमेला चिकटली होती, ती मी ओढून काढली. सरांनी हात पाहिला.

"कशानं झालं?"

"ज्वारी उपटली, सर."

त्यांनीच पट्टी परत बांधली, वेडीवाकडी, आणि पुढं गेले. पेन पुन्हा बसेपर्यंत वेळ गेला. शेवटची तीन गणितं राहिली. मला ती येत होती. आज इतक्या वर्षांनीही मी हेच लिहितेय. मला ती येत होती.

मला डिप्लोमाला जायचं होतं. प्रवेशाची यादी माझ्या नावाच्या थोडी वर येऊन थांबली. दादा भौतिकशास्त्राच्या पेपराला अर्धा तास आधीच बाहेर आला, मऊ हात खिशात घालून, आणि नापास झाला. मग पुण्याला गेला. आज एका कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे, दिवसभर टॅबवर बोट फिरवतो. मी अकरावी, बारावी, बी.एस्सी. असा लांबचा रस्ता धरला आणि पोचले. आबांनी पेढे वाटले. "माझी पोरगी गॅजेट झाली," म्हणत गावभर फिरले; ग्रॅज्युएट म्हणायचं होतं त्यांना. आता आबा नाहीत. त्यांच्याशी भांडायचं राहून गेलं.

यंदा फेब्रुवारीत माय बांधावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर बांधून घरी नेलं, तर तिचं एकच चाललेलं, "सावडीचं कसं होईल?"

सावड म्हणजे सहा बायका. आज तुझ्या रानात सगळ्या, उद्या माझ्या रानात सगळ्या. हाताला हात. मजुरी कुणी कुणाला देत नाही. गावातली जवान माणसं ऊसतोडीला गेलेली, कारखाने बंद व्हायला अजून अवकाश, मजूर मिळत नाही. यंत्र आमच्या दीड एकराच्या तुकड्यात वळत नाही आणि कडब्याचा चुरा करतं. आबा गेल्यापासून माय सावडीवर उभी आहे. तिच्या जागी घरातला हात गेला नाही तर तिची जागा जाणार, आणि जागा गेली की दीड एकर ज्वारी गारांची वाट बघत उभी राहणार.

"मी येते," मी म्हणाले.

माय हसली. प्लास्टरमधल्या दुखण्यासकट हसली. "तू?"

मी रजा टाकली. दोन महिने चिमटा दाबला होता, कशाला भ्यायचं? वर ट्रेनरनं सांगितलेले हातमोजेही घेऊन गेले, तळव्याला जाड आणि बोटांना उघडे. पहिल्या दिवशी गोदाकाकूच्या रानात ते चढवले. गोदाकाकू सावडीतली सगळ्यात थोरली, पासष्टीची, कंबर वाकलेली, जीभ ताठ. तिनं मोजा ओढून घेतला, उलटा-पालटा केला आणि बायकांना दाखवला.

"हे बघा गं. हाताला बी ब्लाऊज आलं!"

बायका पातीत बसून हसल्या. मोजा ताटावरून घसरत होता. तासाभरानं मी तो काढून बांधावर फेकला.

मग नुसत्या हातानं. पहिली काही ताटं अशी निघाली की मला वाटलं, बघा. मग बोटांपासून खांद्यापर्यंत हात दगड झाला. मूठ मिटलेली उघडेना, उघडलेली मिटेना. सगळ्या पुढं गेल्या, माझी पात मागं, एकटी, उभ्या ज्वारीत अडकलेली. गोदाकाकू माती झाडत परत आली आणि माझ्या हाताकडे बघत उभी राहिली.

"इतकं कामून आवळायलीस? ताट काय पळून चाललंय का?"

"नाहीतर सुटतंय, काकू."

"सुटू दे. हिसक्याच्या वक्ताला तेवढं आवळायचं, मग सैल सोडायचं. तू आपली सकाळपसून आवळूनच बसलीस. अशानं नवरा बी पळून जाईल."

पुन्हा हशा. पण ती खरं बोलत होती. चिमट्यानं मला दाबायला शिकवलं होतं. सोडायचं कधी, हे त्या बायकांना ठाऊक होतं, आणि त्यांची दोन मिनिटांची विश्रांती त्या दोन हिसक्यांमध्येच होती, डोळा लवायच्या आत संपणारी.

पाच दिवस मी पाच रानांत गेले. पहाटे सगळ्यांच्या आधी, संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी. तिसऱ्या दिवशी हाताला चिंध्या बांधल्या. पात मात्र रोज मागं. दुसरी कुणी येऊन ती पुरी करायची, आणि जाता-जाता बोलायची, "राहू दे बाई, तुझा हात पेनाचा." मला ते शिवीसारखं लागायचं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी गोदाकाकू आमच्या अंगणात आली, मायच्या समोर उकिडवी बसली.

"उद्या तुमचं रान. दुपारच्या भाकरीपस्तोर येतो आमी."

"आणि दुपारनंतर?" मी विचारलं.

"सुनीते, तुझा अर्धा हात धरलाय आमी."

"अर्धा? मी रोज पूर्ण दिवस होते, काकू!"

"दिवस पुरा होता. पात अर्धी होती."

मी मायकडे बघितलं. ती भांडेल म्हणून. माय म्हणाली, "बराबर हाय."

"तुझी जागा गेली न्हाई बरं का," गोदाकाकू तिला म्हणाली. "पुढल्या साली हात आला की पुरा धरू."

मी आत जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. आयुष्यभर मला कुणी अर्धं मोजलं की मी उलटून बोललेय. ऑफिसात, बढतीत, लग्नाच्या बोलण्यात. इथं बोलायला जागाच नव्हती, कारण मोजमाप खरं होतं. आकडे खरे असले की संख्याशास्त्रवाल्यानं गप्प बसायचं असतं.

सहाव्या दिवशी बायका आल्या, ठरल्याप्रमाणे दुपारपर्यंत उपटलं आणि गेल्या. अर्धं रान उभं राहिलं. मोबाइलवर गारपिटीचा इशारा आला. मी दादाला फोन लावला.

"मी माणसं लावायला सांगतो कुणाला तरी," तो म्हणाला.

"माणसं न्हाईत. तू ये."

"अगं, मला कुठं जमतंय ते—"

"मला तरी कुठं जमायलंय? ये."

रविवारी सकाळच्या गाडीनं तो सोनपेठला उतरला आणि थेट रानात आला, बूट घालून. मी त्याला पात दिली. हिसका कधी द्यायचा, सैल कधी सोडायचं, ते दाखवलं. दोन तासांत त्याचे तळवे सोलून निघाले. तो तक्रार करत नव्हता, फक्त मधून-मधून हात उघडून बघायचा, जसं काही तिथं काय झालंय ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं. माय डाव्या हातानं आणि दातानं पेंढ्या बांधत मागून येत होती. तिनं त्याचे हात पाहिले.

"संतोष, बस बाबा सावलीला. उद्या ड्युटी हाय तुला."

तो खरंच जाऊन बांधावर बसला. मी हातातली ताटं टाकली.

"मला बी उद्या ऑफिस हाय, माय."

"तुझं काय, तुला सवय हाय."

"सवय?" माझा आवाज पलीकडच्या रानात गेला असेल. "दहावीला पेन धरता येत नव्हतं मला! तीन गणितं सोडून आले मी, येत असताना! आबांना काय म्हणू, ते गेले. तुला तर पेपर म्हणजे काय ते कळतच नव्हतं—"

"कळत होतं."

मायनं पेंढीचा बंध दातातून सोडला.

"सगळं कळत होतं मला. सकाळी तुझा हात बघितला होता मी. तुझ्या आबाला म्हणले न्हाई काही. म्हणायला पायजे होतं."

एवढंच बोलली. रडली नाही, जवळ आली नाही. मी मात्र जागच्या जागी उभी. आबांना मी कधी माफ केलं नव्हतं, मायला केलं होतं. ती शाळा शिकली नाही, तिला काय कळणार, या एका समजुतीवर. सुजलेला हात ओळखायला शाळा लागते, असं मी, बी.एस्सी. झालेली, इतकी वर्षं धरून चालले होते. माझ्या माफीतही मी तिला अर्धंच मोजलं होतं.

दादा बांधावरून उठला. कुणी काही म्हणालं नव्हतं. तो त्याच्या पातीत जाऊन वाकला.

मायही माझ्या शेजारच्या ओळीला आली आणि डाव्या हातानं एक ताट धरून ओढलं. ते मधेच मोडलं, मूळ रानातच राहिलं. तिनं पुन्हा तिथंच हात घातला.

"सरक तिकडं," मी म्हणाले. रागातच होते, अजूनही आहे.

ती सरकली. मी वाकले आणि ते धसकट मुळासकट उपटून काढलं.